सोमवारी या, रिफंड बघू

काही किस्से आपण जमवतो आणि काही आपल्या अंगावर धुळीसारखे जमत जातात. माझे दुसऱ्या जातीचे. वीस वर्षं मी एका इन्कमटॅक्सच्या वकिलांकडे कारकुनी केली, आणि त्यातली निम्मी तरी सरकारी कचेरीच्या व्हरांड्यातल्या एका लाकडी बाकावर बसून काढली. मित्र म्हणतात, "तुझ्याकडे फार मजेशीर गोष्टी असतात बुवा!" असतात. पण ज्यांच्या गोष्टी आहेत, ते बिचारे कधी हसले नाहीत.

कचेरी जळगावची की धुळ्याची, ते विचारू नका. तिथले दोघे-तिघे अजून पेन्शन खाताहेत. त्या वेळी दोन्ही खानदेशांतली आमची कामं तिथंच यायची, एवढं पुरे.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. रिफंड मागायला येणारी माणसं श्रीमंत नव्हती. श्रीमंत कर चुकवायला यायचे! बाकावर बसायचे ते पेन्शनर, विधवा, छोटे दुकानदार. कुणाकडे गिरणीचे चार शेअर, कुणाकडे मामलेदारांनी इंग्रजांच्या लढाईच्या फंडासाठी आग्रह करकरून गळ्यात मारलेले सरकारी रोखे. यांचं उत्पन्न कराच्या मर्यादेत बसायचंच नाही. पण व्याज हातात पडायच्या आधीच त्यातून कर कापलेला असायचा. मग अर्ज करायचा, की साहेब, मी कर देण्याइतका मोठा माणूस नाही, माझे पैसे परत द्या.

हे परत मागणं म्हणजे आमचा बाक.

*

रिफंडच्या टेबलावर एकच कारकून होते. त्यांचं खरं आडनाव सांगत नाही. बाकावर त्यांना सगळे 'सोमवारे' म्हणत. कारण कुणीही, कुठल्याही वारी, काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "सोमवारी या."

रागावून नाही, हो! अगदी मऊ आवाजात. चष्मा पुसत.

एकदा नशिराबादचे एक किराणा दुकानदार सोमवारीच आले. सोमवारे म्हणाले, "सोमवारी या."

"साहेब, आज सोमवारच आहे."

सोमवाऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. खात्री करून घेतली. मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "आजचा कुठं म्हटलं मी?"

दुकानदार बाकावर येऊन बसले. मग मला म्हणाले, "वाण्याच्या जन्माला आलो, उधारी मागण्यात आयुष्य गेलं. पण इतकं गोड नाही म्हणणारं गिऱ्हाईक मला कधी भेटलं नाही!"

*

तुम्हाला वाटेल, सोमवारे पैसे खात असतील. तेच तर दुखणं होतं. खात नव्हते! एक पैसा नाही. खाल्ले असते तर निदान कामं झाली असती.

जळगावचे एक अडत्ये होते. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी एके दिवशी केळीचा अख्खा घड हमालाच्या डोक्यावर देऊन कचेरीत पाठवला. सोबत चिठ्ठी, 'घरच्या बागेतली आहेत. गोड मानून घ्यावी.'

सोमवाऱ्यांनी घड फेकला नाही. रागावलेही नाहीत. त्यांनी आवक रजिस्टर उघडलं, घडाला नंबर दिला, कागदाचा तुकडा सुतळीनं देठाला बांधला आणि घड कपाटात ठेवला. रिफंडच्या फायलींच्या कपाटात! 'प्रकरणासोबत सादर झालेली वस्तू' म्हणून. साहेबांचा हुकूम होईपर्यंत ती हलवता येईना.

साहेब दौऱ्यावर होते.

आठ दिवसांत केळी पिवळी झाली. पंधरा दिवसांत काळी. त्यानंतर व्हरांड्यात बसणं मुश्कील झालं. चिलटं इतकी, की बाकावरचे पेन्शनर उपरणं तोंडाला बांधून बसायचे. महिन्यानं अडत्यांना सरकारी लखोटा गेला. त्यांना वाटलं, आला रिफंड! सगळ्या पेढीनं जमून लखोटा फोडला.

'आपण सादर केलेला माल नासला असून त्यामुळे आतील कागदपत्रे खराब झाली आहेत. त्यात आपला अर्जही आहे. तरी नवीन अर्ज करावा.'

*

कचेरीचं एक छापील कार्ड होतं. तुम्ही रिमाइंडर पाठवलात की ते उत्तर म्हणून यायचं. इंग्रजीत एकच ओळ, 'आपल्या प्रकरणाकडे लक्ष पुरवण्यात येत आहे.' खाली शिक्का.

आमच्या अशिलांत एक रिटायर्ड हेडमास्तर होते. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेले, मिशा ताठ, बोलणं त्याहून ताठ. त्यांनी कार्ड पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. रिफंड नाही म्हणून नव्हे, तर त्या एका ओळीत एक स्पेलिंग चुकलं होतं म्हणून! 'ई' आणि 'आय' यांची अदलाबदल झाली होती.

हेडमास्तरांनी लाल शाई घेतली. चुकीच्या शब्दाखाली रेघ मारली, शेजारी बरोबर शब्द लिहिला आणि खाली शेरा दिला, 'निष्काळजीपणा. दहा वेळा लिहून काढा.' कार्ड पोस्टानं परत!

दादासाहेबांना, म्हणजे आमच्या वकिलांना, हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, अहो, तुमचा अर्ज त्यांच्या हातात आहे!"

"आणि इंग्रजी माझ्या," हेडमास्तर म्हणाले.

पुढं काय झालं? त्या वर्षात हेडमास्तरांना तेच कार्ड दहा वेळा आलं.

स्पेलिंग दुरुस्त केलेलं.

*

चोपड्याच्या एक अक्का होत्या. नवरा गिरणीचे काही शेअर मागे ठेवून गेलेला. वर्षाला येणाऱ्या डिव्हिडंडवर त्या आणि त्यांची सासू असा दोघींचा चुलीचा खर्च. त्यातून कर कापला जाई. अर्ज आम्ही केला. चोपड्याहून मोटारीनं यायचं, पावसाळ्यात तापी भरली की नावेनं पार व्हायचं, भिजलेल्या पातळानं बाकावर बसायचं.

सोमवारे म्हणाले, "तुम्हाला दुसरं उत्पन्न नाही, याचा पुरावा आणा."

अक्कांनी तलाठ्याचा दाखला आणला, शेत नाही म्हणून. मग म्युनिसिपालिटीचा आणला, घर भाड्यानं दिलेलं नाही म्हणून. मग पंचांच्या सह्या आणल्या, की धंदा नाही, गुरं नाहीत, सावकारी नाही. 'नाही'च्या कागदांची ही जाड फाईल झाली. मी गमतीनं म्हटलं, "अक्का, एवढं काहीच नसलेलं माणूस मी पाहिलं नाही." त्या हसल्या नाहीत. मला अजून त्या वाक्याची लाज वाटते.

सातव्या फेरीला सोमवाऱ्यांनी सगळे कागद वाचले. एकेक ओळ वाचली. मग मान वर करून म्हणाले, "बाई, तुम्ही चोपड्याहून इथं सात वेळा आलात."

"हां, भाऊ."

"मोटारीचं भाडं कुठून आणलंत?"

अक्कांना प्रश्न कळेना. सोमवाऱ्यांनी समजावून सांगितलं, अगदी मऊ आवाजात. "उत्पन्न नाही म्हणता, आणि प्रवास तर चालू आहे. म्हणजे कुठून तरी येत असणार ना?"

अक्कांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मोकळी मनगटं. त्या म्हणाल्या, "भाऊ, धनी गया तवय गळातलं गयं. आते हातमधल्या पाटल्या बी गयात, तुमना पायऱ्या चढता चढता."

सोमवाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला. मला वाटलं, हा माणूस आता पाघळला!

"असं होय," ते म्हणाले. "मग पाटल्या विकल्याची सराफाची पावती जोडा."

अक्कांना रिफंड मिळाला, दोन वर्षांनी. त्यात एक पाटली आली असती. एका हातातली.

*

दादासाहेब एकदा स्वतः भांडायला गेले. शांत माणूस, पण त्या दिवशी कोटाची बटणंही न लावता निघाले.

"कर भरायला माझ्या अशिलाला चार दिवस उशीर झाला, तर तुम्ही दंड ठोकलात. तुम्ही त्याचे पैसे तीन वर्षं ठेवून घेतलेत. त्याचं काय?"

सोमवारे म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा होतो तो उशीर. आमचा लागतो तो वेळ."

आतून साहेबांनी हे ऐकलं. नवीन साहेब होते, तरुण, सभ्य. त्यांनी दादासाहेबांना आत बोलावलं, खुर्ची दिली, म्हणाले, "काळजी कशाला करता? सरकारकडे पैसे सुरक्षित आहेत."

"पैसे आहेत हो," दादासाहेब म्हणाले. "माणसं नाहीत!"

साहेबांनी हे वाक्य पुढं क्लबात स्वतःचं म्हणून सांगितलं म्हणे. रिफंड मात्र निघाला नाही.

*

सुकलाल ओंकार पाटील नावाचे दोन गृहस्थ होते. खानदेशात एका नावाचे दोनच निघाले हे नशीबच! एक नशिराबादचे, सरकारी रोखे घेतलेले, आमचे अशील. दुसरे धुळ्याकडच्या एका खेड्यातले साधे शेतकरी. इन्कमटॅक्स हा शब्दही त्यांनी ऐकला नव्हता.

रिफंडचा कागद गेला धुळ्याच्या पाटलांकडे. रजिस्टर पोस्टानं. पोस्टमननं सही घेतली, कागद दिला. शाळामास्तरांनी वाचून सांगितलं, "आबा, सरकार तुम्हाला पैसे देतंय!"

त्या माणसानं काय करावं? भाकरी बांधली आणि दोन गाड्या बदलून कचेरीत आला. सोमवाऱ्यांच्या टेबलावर कागद ठेवला. "हाऊ कागद मना नही शे. दुसराना पैसा माले नको."

सोमवाऱ्यांनी कागद उलटसुलट केला. "नाव तुमचं आहे. पोचपावतीवर सही तुमची आहे. रिफंड तुम्हाला मिळालेला आहे. परत घ्यायची तरतूद नाही."

त्याच वेळी नशिराबादचे पाटील बाकावर बसले होते, माझ्या शेजारी! मी त्यांना आत ढकललं. दोन सुकलाल समोरासमोर. एक म्हणतो, घ्या. दुसरा म्हणतो, द्या. मधे सोमवारे म्हणताहेत, "असं करता येत नाही."

शेवटी आम्हीच मार्ग काढला. धुळ्याच्या पाटलांनी ट्रेझरीत जाऊन कागद वटवला, रक्कम नशिराबादच्या पाटलांच्या हातावर ठेवली. आम्ही चौघे-पाचजण साक्षी. नशिराबादकरांनी त्यांना गाडीभाडं देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही. एक कप चहा तेवढा घेतला. बाकाच्या इतिहासातला तो एकच दिवस, ज्या दिवशी सगळे हसत घरी गेले.

पुढच्या वर्षी धुळ्याचे पाटील पुन्हा आले. या वेळी आमच्या ऑफिसात. हातात सरकारी नोटीस. 'आपणास रिफंड मिळाल्याचे दिसते. त्याअर्थी आपले उत्पन्न असले पाहिजे. त्याचा तपशील सादर करावा, अन्यथा दंड करण्यात येईल.'

ते दादासाहेबांसमोर जमिनीवरच बसले. खुर्ची दिली तर बसेनात. म्हणाले, "वकीलसाहेब, खरं सांगा. इमानदारीवर बी टॅक्स शे का?"

दादासाहेबांनी नोटीस घडी करून खिशात ठेवली. "आहे, आबा," ते म्हणाले. "आणि तो वेळेवर वसूल होतो."

त्या केसची फी त्यांनी घेतली नाही.

*

धुळ्याचे एक नाना होते. खादीधारी, बेचाळीसात तुरुंगात जाऊन आलेले. वडिलांनी ठेवलेले स्वदेशी गिरणीचे शेअर होते, त्यावरचा कर कापला जात होता. रिफंड मागायला ते तयार नव्हते. "परक्या सरकारपुढे हात पसरणार नाही. स्वराज्य आलं की आपल्या माणसांकडे मागेन!"

आम्ही खूप समजावलं. ऐकेनात.

पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला. सोमवारी नाना कचेरीत हजर! धुवट कपडे, खिशाला तिरंगी फीत, एका हातात पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात सगळ्या वर्षांचे अर्ज. सोमवाऱ्यांनाही पेढा दिला. तो त्यांनी खाल्ला. पहिल्यांदाच त्यांना कचेरीत काही खाताना मी पाहिलं.

मग त्यांनी अर्ज चाळले आणि बहुतेक सगळे एकेक करून बाजूला ठेवले. "नाना, यांची मुदत संपली. वेळेत मागायला हवं होतं."

"कुणाकडे? इंग्रजांकडे?"

"जे सरकार होतं त्याच्याकडे."

"ते सरकार गेलं ना आता!"

"सरकार गेलं," सोमवारे तोंड पुसत म्हणाले. "मुदत नाही गेली."

नाना तुरुंगात वाकले नव्हते, असं लोक सांगतात. त्या दिवशी पायऱ्या उतरताना मी त्यांना कठड्याला धरून वाकलेलं पाहिलं.

*

एक राहिला. हा मी सहसा सांगत नाही. मित्र आग्रह करतात तेव्हाही गाळतो.

अमळनेरचे एक आबा होते. मोजणी खात्यातले रिटायर्ड नकाशे काढणारे. तीस वर्षं शेतांच्या हद्दी, नाले, बांध, विहिरी कागदावर उतरवलेल्या. अक्षर इतकं बारीक, की नखाएवढ्या जागेत गावाचं नाव लिहीत. सहीसुद्धा तशीच, मुंग्यांच्या रांगेसारखी, एका रेषेत, कुठं शाईचा ठिपका नाही. पहिल्यांदा त्यांनी अर्जावर सही केली तेव्हा मी आणि दादासाहेब दोघंही वाकून बघत राहिलो होतो.

आबांना काचबिंदू झाला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन लवकर करा, गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशनचा खर्च आणि त्यांचा अडकलेला रिफंड जवळजवळ सारखा होता. दादासाहेब म्हणाले, "आबा, पैसे माझ्याकडून न्या. रिफंड आला की फेडा."

आबा म्हणाले, "माझे स्वतःचे पैसे सरकारकडे पडलेत, दादासाहेब. मग उसने कशाला घेऊ? येतीलच की!"

आम्ही डॉक्टरांचं पत्र जोडून तातडीचा अर्ज दिला. सोमवाऱ्यांनी पत्र वाचलं, म्हणाले, "डोळ्यांचा आणि रिफंडचा संबंध नाही." पत्र काढून परत दिलं.

पहिल्या वर्षी आबा एकटे गाडीनं येत आणि व्हरांड्यातल्या नोटिसा वाचत बसत. दुसऱ्या वर्षी भिंग घेऊन येऊ लागले. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला विचारलं, "कॅलेंडर बदललं का रे यांनी? आकडे फिके छापलेत." आकडे तेच होते. तेव्हा दादासाहेबांनी पुन्हा पैशांचं काढलं. आबा म्हणाले, "आता थोडक्यासाठी कशाला?"

चौथ्या वर्षी मी त्यांना स्टेशनवरून हात धरून आणू लागलो. पायऱ्या किती ते त्यांना पाठ झालं होतं.

आणि एके दिवशी रिफंड आला! मंजूर, सही-शिक्क्यासह. समक्ष येऊन, पावतीवर सही करून घेऊन जावा. मी स्वतः अमळनेरला गेलो आणि त्यांना घेऊन आलो. गाडीत आबांनी एकदाच विचारलं, "कपाशी फुटली का रे बाहेर?" मी म्हटलं, "हो आबा, सगळीकडे पांढरंच पांढरं." ते खिडकीकडे तोंड करून बसले.

सोमवाऱ्यांनी पावती पुढं केली. मी टाक बुडवून आबांच्या हातात दिला, हात धरून जागेवर नेला. आबांनी सही केली. ती सुरू झाली रेषेवर, मग वर चढली, छापील मजकुरात शिरली आणि कागदाच्या कडेवरून टेबलावर उतरली.

सोमवाऱ्यांनी फाईलमधला मूळ अर्ज काढला. दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. बराच वेळ पाहिल्या.

"सही जुळत नाही."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही ओळखता यांना! चार वर्षं येताहेत!"

"मी ओळखून काय उपयोग? सही ओळखली पाहिजे."

आबा उभेच होते. हातात टाक तसाच. ते शांतपणे म्हणाले, "जुळणार कशी, साहेब? ती दिसणाऱ्या माणसाची सही आहे."

सोमवारे मऊ आवाजात म्हणाले, "मग त्या माणसाला आणा."

आबा किंचित हसले. आवाज ज्या बाजूनं आला तिकडे त्यांनी तोंड वळवलं. "तो येतच होता हो. तुम्हीच त्याला परत पाठवत होतात."

सोमवाऱ्यांनी चष्मा काढला. पुसला नाही. नुसताच हातात धरून बसले. मग डोळ्यांवर चढवला, दौत जवळ ओढली आणि फायलीवर शेरा लिहिला. मी वाकून वाचला.

'अर्जदार हजर नाही.'

टाकाचा आवाज थांबला तसे आबा माझ्याकडे वळले.

"काय लिहिलं रे त्यांनी?"